सीमेपलीकडचा ऋणको आणि शाहूपुरीतील एक सल्लासेवा

शाहूपुरीतील ज्या वकिली कार्यालयाच्या सल्लासेवेविषयी हे लिहीत आहे, त्याचे नाव येथे देत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतील छत्तिसाव्या नियमाने वकिलांना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करण्यास मनाई आहे, आणि अशिलाने केलेली स्तुतीही त्यांच्या अंगावर येऊ शकते. शिवाय प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने समोरच्या पक्षाचेही नाव घेता येत नाही. तरीही लिहावेसे वाटले, कारण दुसऱ्या राज्यात आणि पुढे दुसऱ्या देशात निघून गेलेल्या ऋणकोविरुद्ध, म्हणजे देणेकऱ्याविरुद्ध, नादारीचा (दिवाळखोरीचा) अर्ज नेमका कोणत्या न्यायालयात करायचा, या एकाच प्रश्नावर लेखी मत देणारी सेवा आमच्या माहितीत कोल्हापुरात सहज सापडत नाही. एकंदर मत आधीच सांगतो: सेवा चांगली आहे, पैसे वसूल होण्याजोगी आहे, पण तिचा परदेशाविषयीचा भाग तोकडा आहे आणि एक महत्त्वाची गोष्ट ते फार उशिरा सांगतात.

आमची पेढी मार्केट यार्डात गुळाची अडत करते. ज्यांच्याकडे रक्कम अडकली ते व्यापारी मूळचे निपाणीचे. आमच्याकडून गूळ उचलून ते कोकणात आणि गोव्यात पाठवीत. दुकान निपाणीत, गोदाम कागलला, आणि दोन्ही ठिकाणची जीएसटी नोंदणी वेगळी: एक २९ ने सुरू होणारी (कर्नाटक), दुसरी २७ ने (महाराष्ट्र). कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की राज्य बदलते, एवढे सोडले तर कोल्हापूर आणि निपाणी यांच्या बाजारात फारसा फरक कोणी मानत नाही. माल, माणसे आणि सोयरिकी रोज ये-जा करतात. पुढे मुलाच्या व्यवसायाच्या निमित्ताने ते दुबईला गेले आणि तेथेच राहिले. दुकान दिवाणजी चालवू लागले, धनादेश परत येऊ लागले, आणि निपाणीलगतची बागायत जमीन भावाच्या नावे बक्षीसपत्राने गेल्याचे बाजारात कानावर आले. इतर दोन पेढ्यांचीही मोठी उधारी तेथे आहे, म्हणून आम्ही तिघांनी मिळून सल्ला घेतला.

पहिल्या बैठकीत थोरल्या वकीलसाहेबांनी किती रक्कम अडकली हे विचारण्याआधी ऋणकोविषयी विचारले. त्यांचे कुटुंब कोठे राहते, शिधापत्रिका कोणत्या गावची, मतदान कोठे, कीर्द-खतावणी कोणत्या ठिकाणी लिहिली जाते, कागलच्या गोदामातून विक्री होते की तेथे माल नुसता उतरतो, दिवाणजींना भाव ठरविण्याचा अधिकार आहे की प्रत्येक सौद्याला दुबईहून फोन येतो, असे प्रश्न त्यांच्या कार्यालयाच्या छापील पानावर तयार होते. आमच्यापैकी एकास हे वेळ घालविणे वाटले. लेखी मत हाती आल्यावर त्यातील प्रत्येक प्रश्नाचे काम कळले, आणि या सेवेचा खरा कस त्या प्रश्नावलीतच आहे असे आता वाटते. त्याआधी ज्या दुसऱ्या एका ठिकाणी विचारणा केली होती, तेथे ‘कोल्हापुरात दावा लावून टाका’ यापलीकडे काही सांगितले गेले नव्हते.

तो सल्लाही चुकीचा नव्हता, अपुरा होता. पैशाच्या वसुलीचा दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० प्रमाणे प्रतिवादी राहतो वा धंदा करतो तेथे लावता येतो, तसाच जेथे दाव्याचे कारण पूर्णतः किंवा अंशतः घडले तेथेही लावता येतो. सौदा कोल्हापुरात झाला, माल कोल्हापुरात ताब्यात दिला, पैसेही येथेच द्यायचे होते, म्हणून दाव्यापुरते कोल्हापूरचे न्यायालय निर्विवाद आहे. आमच्या सर्वांच्या बिलांवर तळाशी ‘न्यायक्षेत्र कोल्हापूर’ असे छापलेले असते, आणि १९८९ च्या ए.बी.सी. लॅमिनार्ट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा अटीला मान्यता दिली आहे. मात्र त्या न्यायालयाला मुळात अधिकारिता, म्हणजे ते प्रकरण चालविण्याचा अधिकार, असली पाहिजे. नसलेली अधिकारिता दोन पक्ष करार करून निर्माण करू शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेच १९७१ मध्ये हाकमसिंग प्रकरणात सांगून ठेवले आहे. नादारीच्या अर्जात नेमके येथेच पाऊल घसरते. तेथे दाव्याचे कारण कोठे घडले याला काही किंमत नाही. नादारी ही ऋणकोच्या साऱ्या संपत्तीविषयी आणि त्याच्या साऱ्या धनकोंविषयी (येणेकऱ्यांविषयी) असते, म्हणून ती ऋणकोच्या मागे जाते, बिलाच्या मागे जात नाही. आमच्या बिलावरील ती छापील ओळ या कामात निरुपयोगी आहे, हे मतपत्राच्या पहिल्याच पानावर ठळकपणे आणि कोणतीही मखलाशी न करता लिहिले होते.

बाजारात सध्या नादारी म्हटले की सर्वांना २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता आठवते, आणि आम्हालाही तसेच वाटत होते. धाकट्या वकील मॅडमनी या ठिकाणी बराच वेळ दिला आणि तो सार्थकी लागला. संहितेतील व्यक्ती व भागीदारी पेढ्यांविषयीचा तिसरा भाग आजवर पूर्णपणे अमलात आलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता लागू झाला, आणि ती निवडक अंमलबजावणी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये ललितकुमार जैन प्रकरणात वैध ठरविली. अशा जामीनदाराचे प्रकरण तो कोठेही राहत असला तरी, कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय ज्या कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या हद्दीत असेल तेथे चालते. आमचे ऋणको स्वतःच्या नावाने धंदा करणारे, ना कंपनी ना कोणाचे जामीनदार. त्यांना आजही १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियमच लागू होतो, कारण तो रद्द करणारे संहितेचे कलम २४३ अजून अमलातच आलेले नाही. शतक उलटून गेलेल्या या कायद्यात धनकोने अर्ज करण्यासाठी लागणारी किमान रक्कम अजूनही ५०० रुपयेच आहे. तेवढ्यात आज कोल्हापुरात दोन मटण थाळ्याही येणार नाहीत. कायदा जुना असला तरी अधिकारितेविषयी तो नव्या संहितेइतकाच स्पष्ट आहे, आणि काही बाबतीत अधिक व्यवहारी आहे, असे माझे मत झाले.

त्या अधिनियमाचे कलम ११ सांगते की ऋणको ज्या क्षेत्रात सामान्यतः राहतो, धंदा करतो किंवा स्वतः कमाईसाठी काम करतो, त्या क्षेत्रावर अधिकार असलेल्या न्यायालयात अर्ज करावा. आणि तो अटकेत वा कैदेत असल्यास जेथे कैदेत असेल तेथे. आमच्यापुढे दोन जागा होत्या. निपाणी धरली तर बेळगाव जिल्ह्यातील न्यायालय, कन्नड वा इंग्रजी कागद, आणि अपील धारवाडच्या खंडपीठापुढे. कागल धरले तर कसबा बावड्यातील आपले जिल्हा न्यायालय, आणि अपील १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायसंकुलात कामकाज सुरू झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे. आमचे मन अर्थातच दुसरीकडे ओढत होते. वर्षानुवर्षांच्या मागणीनंतर उच्च न्यायालय दारात आलेले असताना धारवाडला खेटे घालायची हौस कोणाला असणार?

मतपत्राने आमची ओढ बाजूला ठेवली, आणि याच परिच्छेदांसाठी मी या कार्यालयाला पूर्ण गुण देतो. कागलचे गोदाम हे ‘धंदा करण्याचे’ ठिकाण ठरण्यासाठी तेथे काहीतरी व्यवहार व्हायला हवा: सौदे, वसुली, हिशेब, किंवा मालकाच्या वतीने ते करणारा मुनीम. नुसता माल उतरणे-चढणे आणि त्या जागेची जीएसटी नोंदणी असणे एवढ्यावर ते सिद्ध होणे कठीण आहे. आमच्याच प्रश्नावलीतील उत्तरे त्यांनी आमच्यापुढे ठेवली. कागलला खतावणी नव्हती, गल्ला नव्हता, चावी हमालाकडे होती. उलट निपाणीत दुकान उघडे होते, दिवाणजी भाव ठरवीत होते आणि मालकाच्या अनुपस्थितीत त्यांच्या वतीने पावत्या देत होते. त्याच कायद्याच्या कलम ६ मधील स्पष्टीकरणानुसार, नादारीची कृत्ये (ज्यांच्या आधारे असा अर्ज करता येतो ती कृत्ये) ठरविताना मुखत्याराचे कृत्य हे मालकाचे कृत्य मानता येते. मालक दुबईत असल्याने निपाणीत ‘राहणे’ संपले असे कोणी म्हणाले, तरी निपाणीत ‘धंदा करणे’ संपलेले नाही, आणि कलमातील हे पर्याय एकमेकांवर अवलंबून नाहीत.

दुकान उद्या बंद केले तर काय, असा प्रश्न आम्ही विचारला. उत्तरादाखल त्यांनी हाउस ऑफ लॉर्ड्सचा १९५० चा थिओफिल प्रकरणातील निर्णय दिला. इंग्लंडमध्ये धंदा करून, करांची थकबाकी मागे ठेवून आयर्लंडला गेलेल्या माणसाविषयी तेथे ठरले की धंद्यातील देणी फिटेपर्यंत, दिवाळखोरीच्या अधिकारितेपुरता, धंदा चालूच असल्याचे मानावे. हा निर्णय आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, एवढेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले होते. पण व्यापाऱ्याच्या मनाला तो पटतो. फळी लावली म्हणून खाते मिटत नाही.

या ठिकाणी मॅडमनी दिलेले दुसरे उदाहरण आमच्या सीमाभागाला इतके लागू पडते की ते येथे सविस्तर द्यावेसे वाटते. शॉन क्विन हे एके काळी आयर्लंडमधील सर्वांत श्रीमंत मानले जाणारे उद्योजक. त्यांचे घर आयर्लंड प्रजासत्ताकातील कॅव्हन परगण्यात, तर त्यांच्या उद्योगसमूहाचा मूळ पसारा सीमेपलीकडे, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये मोडणाऱ्या उत्तर आयर्लंडमधील डेरिलिन येथे. दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. अँग्लो आयरिश बँकेच्या कर्जात ते बुडाले, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांनी बेलफास्टच्या उच्च न्यायालयात स्वतःच दिवाळखोरी जाहीर करून घेतली. त्यामागचा हिशेब उघड होता. उत्तरेत दिवाळखोर एका वर्षात मोकळा होत असे, तर तेव्हाच्या दक्षिणेतील कायद्यात बारा वर्षे लागत. बँकेने हरकत घेतली. त्या काळच्या युरोपीय नियमाप्रमाणे ऋणकोच्या ‘मुख्य हितसंबंधांचे केंद्र’ जेथे असेल तेथील न्यायालयालाच मुख्य कार्यवाहीचा अधिकार होता, आणि ते केंद्र त्रयस्थांना ओळखता येण्याजोगे असायला हवे होते. जानेवारी २०१२ मध्ये बेलफास्टच्या न्यायालयाने आपलाच आदेश रद्द केला आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये त्यांना दिवाळखोर ठरविण्यात आले. तेथे दोन देश होते आणि दोन मुदती होत्या. कोल्हापूर आणि निपाणी यांच्यात देश एकच, कायदाही एकच, आणि फरक पडतो तो कोणत्या जिल्ह्याच्या न्यायालयात उभे राहायचे यापुरता. परंतु ‘मला सोयीचे न्यायालय’ आणि ‘कायद्याचे न्यायालय’ यांतील ओढाताण तीच आहे; तिकडे ती ऋणकोने केली, इकडे ती करण्याच्या बेतात आम्ही धनको होतो.

चुकीच्या जागी अर्ज केला तर नेमके काय बिघडते, यावरही मतपत्र गप्प नव्हते. कलम ११ च्या परंतुकाप्रमाणे जागेविषयीची हरकत पहिल्या संधीलाच घेतलेली नसेल, किंवा चुकीच्या जागेमुळे न्यायाचा घात झालेला नसेल, तर अपिलात ती ऐकली जात नाही. परंतु अनुभवी वकील दिलेला ऋणको ती पहिल्याच तारखेला घेणार हे गृहीत धरावे. दोन न्यायालयांत दोन अर्ज चालू राहिले तर कलम ३६ प्रमाणे, ज्या न्यायालयामार्फत संपत्तीचे वाटप अधिक सोयीने होईल त्याच्यासाठी दुसरे न्यायालय आपला आदेश रद्द करू शकते वा कामकाज थांबवू शकते. शिवाय नादारीची सर्व न्यायालये एकमेकांना साहाय्यकारी असतात, म्हणजे निपाणीच्या बाजूने नेमलेल्या रिसीव्हरला (ऋणकोची संपत्ती ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याला) कागलच्या गोदामासाठी कसबा बावड्याची मदत मागता येते. नादारीचा आदेश झाला की ऋणकोची संपत्ती, ती देशात कोणत्याही राज्यात असो, न्यायालयाकडे वा रिसीव्हरकडे जाते, आणि आदेशाचा परिणाम अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून धरला जातो. राज्याची सीमा या कामी मोठा अडसर नाही, हे आमच्यासाठी दिलासादायक होते.

थोरल्या वकीलसाहेबांना इतिहासाची आवड आहे आणि त्यांनी बैठकीत एक वळण घेतले, जे बिलात लागले नाही म्हणून तक्रार नाही. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन होण्यापूर्वी बेळगाव जिल्हा ब्रिटिश हद्दीत आणि कोल्हापूर संस्थानी हद्दीत होते, आणि कायद्याच्या दृष्टीने संस्थानी न्यायालय हे ब्रिटिश हिंदुस्थानातील न्यायालयांना ‘परकीय’ होते. फरीदकोट संस्थानाच्या न्यायालयाने संस्थान सोडून गेलेल्या माजी खजिनदाराविरुद्ध एकतर्फी दिलेला हुकूमनामा प्रिव्ही कौन्सिलने १८९४ मध्ये बाहेरच्या न्यायालयांपुरता निष्फळ ठरविला होता, कारण प्रतिवादी ना तेथे राहत होता ना त्याने त्या न्यायालयाची अधिकारिता मान्य केली होती. ग्वाल्हेरच्या न्यायालयाने १९४८ मध्ये उत्तर प्रदेशातील प्रतिवादींविरुद्ध दिलेल्या एकतर्फी हुकूमनाम्याचेही सर्वोच्च न्यायालयात १९६२ मध्ये हेच झाले, आणि ती रक्कम मागणारे होते शितोळे घराण्यातील सरदार. म्हणजे आजोबांच्या काळात निपाणीची वसुली करणाऱ्या कोल्हापूरच्या पेढीपुढे, कागदावर का होईना, दुबईच्या वसुलीसारखाच प्रश्न होता.

आता दुबई. मतपत्रातील हा भाग सर्वांत दुबळा आहे. एका पानात आटोपलेल्या या भागात माहिती अचूक होती, पण ती कोरडी होती, आणि ‘पुढील कार्यवाहीसाठी तेथील वकिलाचे स्वतंत्र मत घ्यावे’ या वाक्याशी येऊन थांबली. जे लिहिले होते ते असे: १९२० च्या कायद्यानुसार देशातून बाहेर जाणे वा बाहेर राहणे हे, धनकोंना चुकविण्याच्या वा रखडविण्याच्या हेतूने असेल तर, स्वतःच नादारीचे कृत्य ठरते, म्हणून दुबईला जाणे ऋणकोला येथील अर्जापासून वाचवीत नाही. मात्र येथील आदेश दुबईतील संपत्तीवर आपोआप चालत नाही. २०१६ च्या संहितेतील कलम २३४ आणि २३५ परदेशांशी करार करण्याची आणि परकीय न्यायालयांना विनंतीपत्र पाठविण्याची तरतूद करतात. त्या आमच्या १९२० च्या कायद्याला लागू नाहीत, आणि कलम २३४ खालचे करारही प्रत्यक्षात उभे राहिलेले नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक आयोगाने १९९७ मध्ये तयार केलेला सीमापार नादारीविषयीचा आदर्श कायदा भारताने स्वीकारावा, अशी शिफारस नादारी कायदा समितीने ऑक्टोबर २०१८ मध्ये केली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात सीमापार नादारीची चौकट आखण्याचा अधिकार सरकारला देण्याची तरतूद होती. हे सारे मोठ्या कंपन्यांच्या मापाचे आहे. जेट एअरवेजच्या प्रकरणात मुंबईचे न्यायाधिकरण आणि नेदरलँड्सचे न्यायालय अशा दोन्हीकडे २०१९ मध्ये कार्यवाही सुरू झाली, तेव्हा अपील न्यायाधिकरणाने दोन्ही बाजूंच्या प्रशासकांमध्ये सहकार्याची लेखी पद्धत घालून दिली होती. गुळाच्या उधारीसाठी अशी मोट कोण बांधणार?

मला या भागात हवे होते ते, दिवाणी हुकूमनामा मिळवून दुबईत चालविणे हा नादारीपेक्षा व्यवहार्य मार्ग ठरेल का, याचे स्पष्ट उत्तर. भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यात न्यायालयीन सहकार्याचा करार १९९९ पासून आहे, आणि जानेवारी २०२० मध्ये भारताने अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली परस्पर-मान्यतेचा प्रदेश म्हणून अधिसूचित केले, म्हणजे तेथील पैशाचा हुकूमनामा येथे थेट बजावता येतो. आमची गरज उलट दिशेची होती. त्याबद्दल विचारल्यावर मॅडमनी विजय मल्ल्यांचे उदाहरण दिले: बेंगळुरूच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाचा २०१७ चा निर्णय घेऊन भारतीय बँका लंडनला गेल्या आणि जुलै २०२१ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने मल्ल्यांना दिवाळखोर ठरविले. इंग्लंडने तो आदर्श कायदा २००६ पासून स्वीकारलेला असल्याने, आपल्याकडे तशी सोय नसतानाही, भारतीय रिसीव्हरला तेथे दार उघडे आहे. उदाहरण चांगले आहे, पण आमचा ऋणको लंडनला गेलेला नाही आणि आम्ही बँकांचा संघही नाही. लेखी मताची फी पंधरा हजार रुपये आणि दुबईचे मत स्वतंत्र, हे पहिल्याच दिवशी सांगितले असते तर अपेक्षा त्या मानाने ठेवता आल्या असत्या.

उशिरा सांगितलेली गोष्ट त्याहून गंभीर आहे. नादारी हे एकट्याच्या वसुलीचे साधन नाही. अर्ज करणाऱ्याला इतरांच्या आधी पैसे मिळत नाहीत. तारण असलेली बँक आपले तारण घेऊन बाहेर राहते, शासनाची व स्थानिक संस्थांची देणी आणि नोकरांचा पगार कलम ६१ प्रमाणे आधी भागतो, आणि मग उरलेल्यातून आम्ही सर्व प्रमाणात वाटा घेतो. कागलच्या गोदामावर बँकेचा बोजा आहे. हे सर्व मतपत्राच्या शेवटच्या पानावर होते. अधिकारितेचा एवढा काटेकोर विचार करून देणाऱ्या कार्यालयाने पहिल्या बैठकीतच ‘हाती साधारण काय पडेल’ हे सांगायला हवे, म्हणजे न्यायालय कोठले हा प्रश्न विचारण्यापूर्वी अर्ज करावा की नाही हे अशील ठरवू शकेल. आमच्या बाबतीत अर्ज करण्याजोगे कारण उरले ते भावाच्या नावे झालेल्या बक्षीसपत्रामुळे. नादारीचा आदेश झाल्यास, अर्जाच्या तारखेपूर्वीच्या दोन वर्षांतील असे फुकट हस्तांतरण रिसीव्हर कलम ५३ खाली रद्द करून घेऊ शकतो, आणि ती बागायत जमीन हीच खरी आशा आहे. अर्ज नादारीच्या कृत्यापासून तीन महिन्यांच्या आत करावा लागतो. परदेशात राहणे हे कृत्य केव्हा घडले यावर वाद होऊ शकतो, म्हणून त्यांनी बक्षीसपत्राच्या नोंदणीची तारीख धरून मुदत मोजली आणि त्या मुदतीत काम पुरे केले, याचे श्रेय मात्र त्यांना द्यावेच लागेल.

धनादेशांबाबतचा सल्ला थोडक्यात पण नेमका होता. परत आलेल्या धनादेशांचा खटला, २०१५ च्या दुरुस्तीनंतर, ज्या शाखेत आपले खाते आहे त्या शाखेच्या हद्दीतील न्यायालयात, म्हणजे आमच्यासाठी कोल्हापुरातच चालतो. फक्त नोटीस तीस दिवसांत, त्यानंतर पंधरा दिवसांची वाट आणि मग एका महिन्यात तक्रार, ही साखळी तुटता कामा नये. दाव्याच्या तीन वर्षांच्या मुदतीतून प्रतिवादी भारताबाहेर असलेला काळ वगळला जातो, ही मुदत कायद्याच्या कलम १५ मधील सोय आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती. तिच्यावर विसंबून बसू नका, असेही त्यांनी बजावले.

कार्यालय जिन्याने वर, दुसऱ्या मजल्यावर आहे आणि वयस्कर माणसांना ते त्रासाचे जाते. कारकून वेळेवर फोन करतात, कागदांच्या पावत्या देतात आणि मूळ खतावण्या स्वतःकडे ठेवून न घेता प्रमाणित उतारे घेतात, ही सवय मला फार आवडली. मतपत्र इंग्रजीत आले. मराठी प्रत मागितल्यावर मिळाली, पण ती मिळायला लागलेला वेळ अशा कामात परवडणारा नाही, आणि तिची भाषा इंग्रजीपेक्षा अवघड होती. आमच्या भागीदारांनी शेवटी मॅडमना समोर बसवून ती समजून घेतली. बेळगावच्या बाजूचे काम त्यांच्या परिचयातील एक वकील पाहतात. ते कन्नड, मराठी दोन्ही उत्तम बोलतात, आणि आमच्या मराठी खतावण्यांचे भाषांतर त्यांनीच करून घेतले. भाषांतराचा खर्च मात्र फीच्या बाहेर होता आणि तो लहान नव्हता.

ज्यांची उधारी सीमाभागात आहे, रक्कम काही लाखांत आहे आणि ऋणकोने संपत्ती इकडे-तिकडे केल्याचा संशय आहे, अशा पेढ्यांनी या प्रकारची सेवा जरूर घ्यावी. पन्नास हजारांच्या उधारीसाठी ती घेऊ नये. तेथे धनादेशाचा खटलाच पुरे. दुबई, मस्कत वा लंडन येथील संपत्तीवर ज्यांचा डोळा आहे त्यांनी तेथील वकिलाच्या खर्चाचा अंदाज आधी लेखी मागावा. जाताना ऋणकोच्या दोन्ही जीएसटी नोंदणींची प्रत, मागील तीन वर्षांचे खाते-उतारे, महाराष्ट्रातील जमिनीचा सातबारा आणि कर्नाटकातील जमिनीचा आरटीसी उतारा सोबत न्यावा, आणि शक्य असल्यास ऋणकोच्या दुकानात सध्या कोण बसते, भाव कोण ठरवितो आणि पैसे कोणाच्या खात्यावर जातात, याची स्वतः खात्री करून जावे. हे तिन्ही प्रश्न छापील पानावर पहिल्या दहांतच आहेत.